हिनकलच्या टाकीतली कोळीण

फत्तेसिंगरावांच्या टाकीतले मासे कमी होऊ लागले ते एकोणीसशे एकोणऐंशी साली, दसऱ्याच्या महिनाभर आधी.

म्हैसुराहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकलमध्ये त्यांचं घर होतं, आणि घराच्या मागे एक लांबट दगडी टाकी होती. त्यांचे वडील महाराजांच्या घोडदळात असताना घोड्यांना पाणी पाजायला ती बांधलेली. घोडी गेली, घोडदळ गेलं, टाकी तेवढी राहिली. एका कडेला अळू माजलं, त्याची पानं पाण्यावर झुकली. चार वर्षांपूर्वी मलेरियावाल्यांनी डासांच्या अळ्या खायला म्हणून डबाभर गप्पी मासे त्यात सोडले, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याचा माशांवर जीव जडला. सकाळी कॉफीचा लोटा घेऊन ते टाकीच्या काठावर बसायचे, आदल्या दिवशीच्या रागीच्या मुद्द्याचा, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्याचा, चिमूटभर तुकडा पाण्यात कुस्करायचे, आणि वर येणारे मासे न्याहाळायचे. तांबड्या शेपटीचा कोण, निळ्या ठिपक्याचा कोण, पोट सुटलेल्या माद्या किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून मासे कमी झाल्याचं सगळ्यांत आधी त्यांच्याच ध्यानात आलं.

त्यांचा पहिला संशय खंड्या पक्ष्यावर. आठ दिवस ते गलोल घेऊन पेरूच्या झाडाखाली बसले. खंड्या एकदाही फिरकला नाही आणि मासे मात्र जातच राहिले. मग शेजारच्या मांजराचं नाव निघालं. मांजर पाण्याला भितं हे त्यांनाही माहीत होतं, पण कुणाला तरी धरल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

त्यांची सून कृष्णवेणी हे सगळं ऐकत होती. ती बेचाळीस वर्षांची. शहरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या विभागात अटेंडर. सतरा वर्षं तिचं काम एकच: बाटल्यांवरची धूळ पुसायची, प्रॅक्टिकलच्या आधी बेडूक नि झुरळं टेबलावर मांडायची, नंतर सगळं आवरायचं, मायक्रोस्कोपच्या भिंगांवरून मऊ फडकं फिरवायचं. एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, झाल्यावर पुढं शिकायची तिची इच्छा होती, पण त्याच वर्षी लग्न ठरलं. तरी एक सवय तिला लागली होती. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली की पोरं यायच्या आधी ती स्वतः एकदा डोळा लावून बघायची. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

एका रविवारी ती वड्यांसाठी अळूची पानं तोडायला टाकीपाशी गेली. हात घातला तसा एका पानावरून काहीतरी सरसरत देठावर गेलं. कोळी होता. पाय पसरले तर तळहात झाकेल एवढा मोठा, गडद तपकिरी, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या काठाची रेघ, एखाद्या लुगड्याला असावी तशी. असला कोळी तिनं घरात, परसात, कॉलेजच्या बाटल्यांत कुठंही पाहिला नव्हता. ती नीट बघायला वाकली, तर तो देठ धरून सरळ पाण्याखाली उतरला.

कृष्णवेणी तशीच उभी राहिली. पाण्याखाली कोळी दिसत होता, पण आता तो तपकिरी नव्हता. त्याच्या अंगाभोवती हवेचा थर चिकटलेला, त्यामुळं तो चांदीचा ओतल्यासारखा चमकत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बुडून मेला असेल असं तिला वाटायला लागलं, तेवढ्यात तो देठावरून सावकाश वर आला, पानावर चढला, आणि त्याच्या अंगावर पाण्याचा थेंबसुद्धा नव्हता.

अळूच्या वड्या त्या दिवशी झाल्या नाहीत. नवरा मालोजीराव सरकारी बसच्या डेपोत फिटर होते, दसऱ्याच्या जादा गाड्यांमुळं रविवारीही कामावर गेलेले, त्यामुळं जेवणाची कुणाला घाई नव्हती. ती टाकीपासून तीन हातांवर दगडावर बसून राहिली. कोळ्यानं जाळं विणलं नाही. मागचे पाय पानाच्या कडेला रोवले, पुढचे पाय पाण्यावर अलगद टेकवले आणि तो निश्चल झाला. पाण्यावर वाळकं पान पडलं, त्यानं हालचाल केली नाही. एक माशी पाण्यात पडून फडफडली, तो धावला आणि तिला उचलून परत जागेवर आला. उन्हं कलायला लागली तेव्हा एक गप्पी मासा त्याच्या पायाखाली तोंड वर करून आला. पुढं काय झालं ते इतक्या झटक्यात झालं की तिला आधी फक्त पाणी उसळलेलं दिसलं. मग कोळी मागं सरकताना दिसला, आणि त्याच्या तोंडात, डोक्यामागं पकडलेला, त्याच्याहून लांब मासा होता. त्यानं तो ओढत ओढत पानाच्या कोरड्या भागावर नेला आणि तिथं खायला बसला.

तिनं सासऱ्यांना हाक मारली. ते काठी टेकत येईपर्यंत कोळी अळवात शिरला होता. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. फत्तेसिंगरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की उन्हात बसल्यामुळं तिचं डोकं दुखत असेल, आत जाऊन ताक प्यावं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात श्रीनिवासरावांकडे गेली. श्रीनिवासराव विभागातले वरिष्ठ लेक्चरर. घरी मराठी बोलणारे, त्यामुळं वर्गाबाहेर तिच्याशी मराठीतच बोलत. माणूस वाईट नव्हता. तिच्या घरची विचारपूस करायचा, सणाला रजा द्यायचा. ते तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं.

"सार, आमच्या टाकीत एक कोळी आहे. तो मासे धरतो."

श्रीनिवासरावांनी मान वर केली आणि हसले. "कोळी मासे धरतोच की. पण तो माणूस असतो, कृष्णवेणी."

बाजूच्या टेबलावरची दोन पोरं हसली. तीही थोडी हसली, कारण हसली नसती तर ते बरं दिसलं नसतं. श्रीनिवासरावांनी मग समजावून सांगितलं, की कोळी किडे खातात. पाण्याकाठी लांडगा-कोळी म्हणून एक जात असते, जाळं न विणता पळून शिकार करते, तीच असणार. मासा आधीच मेलेला असेल. तरी हवं तर एखादा धरून आण, बघू या.

तिनं आणला. मंगळवारी पहाटे टाकीवर जाऊन तिनं लोणच्याच्या बरणीत त्याला अलगद घेतलं, झाकणाला भोकं पाडली, आणि बसमध्ये बरणी मांडीवर धरून ती शहरात आली. श्रीनिवासरावांनी मोठ्या काचपात्रात पाणी घालायला लावलं, त्यात चार गप्पी सोडायला लावले, आणि बीएस्सीच्या मुलांना गंमत म्हणून बोलावलं. कोळी काचेवरून घसरला, पाण्यावर गोल गोल फिरला, कोपऱ्यात पाय आखडून बसला. बुधवारी तसाच. गुरुवारी चारही मासे मजेत पोहत होते आणि कोळ्याचं पोट खपाटीला गेलं होतं. पोरांनी काचपात्रावर 'मत्स्यावतार' असं लिहिलेला कागद चिकटवला.

श्रीनिवासरावांनी तो कागद काढून टाकला आणि मऊ आवाजात म्हणाले, "डोळ्यांना भास होतो कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस."

तिला राग आला तो या मऊपणाचा. पोरांचं हसणं तिला चाललं असतं. त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर ती थांबली. बर्फाच्या पेटीवर एक काचेची बशी ठेवली, तिच्यात कोळ्याला ठेवलं. बेडूक सुन्न करायला हीच युक्ती ती सतरा वर्षं करत आली होती. थंडीनं त्याचे पाय मंदावले तसं तिनं त्याला भिंगाखाली घेतलं आणि डोळे मोजले.

विभागाच्या भिंतीवर कोळ्यांच्या डोळ्यांचा एक जुना तक्ता होता. दर उन्हाळ्यात तीच तो पुसायची, त्यामुळं त्यातली चित्रं तिला पाठ होती. लांडगा-कोळ्याला खाली चार बारीक डोळे, त्यांच्यावर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे, आणि मागं दोन मध्यम. बशीतल्या कोळ्याला ते दोन दिवे नव्हतेच. त्याचे आठही डोळे जवळपास सारखे, चार-चारच्या दोन ओळींत, आणि मागची ओळ कमानीसारखी वाकलेली. तिनं तीनदा मोजलं. मग वहीच्या कागदावर आठ ठिपके काढले, जसेच्या तसे.

आणि तेव्हाच तिला दुसरी गोष्ट कळली. काचपात्रात त्यानं मासा का धरला नाही ते. काच गुळगुळीत होती. टाकीत तो मागचे पाय पानात रोवून बसायचा. इथं रोवायला काही नव्हतंच, तर तो झेप कशाच्या जोरावर घेणार?

सकाळी तिनं श्रीनिवासरावांना कागद दाखवला. त्यांना वर्गाची घाई होती. "डोळे मोजलेस?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी कागद पाहिल्यासारखं केलं, नंतर बघतो म्हणाले, आणि तो वहीत सारून गेले. तो 'नंतर' काही आला नाही.

तिनं कोळ्याला घरी नेऊन अळवात सोडून दिलं, आणि कपाटातलं कोळ्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक विभागप्रमुखांची परवानगी घेऊन घरी आणलं. रोज हिनकल ते शहर आणि शहर ते हिनकल, बसमध्ये ती ते वाचायची. इंग्रजी तिला अडखळत यायचं. एकेका ओळीला दोन-दोनदा जावं लागायचं आणि शेवटी कन्नड डिक्शनरी उघडावी लागायची. आठव्या दिवशी येलवालला जाणाऱ्या एका बाईनं विचारलं की कसली परीक्षा देताय. कृष्णवेणी नुसती हसली आणि तिनं पान उलटलं.

पुस्तकात तिला हवं ते सापडलं. डोळ्यांची तशी मांडणी असणारं एक वेगळंच कुळ होतं. त्यातले काही पाण्यावर शिकार करतात असं लिहिलं होतं. आणि ओळखायची पक्की खूण अशी दिली होती: लांडगा-कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी बुडाला चिकटवून हिंडते. या कुळातली मादी ती जबड्यात धरून, छातीखाली घेऊन हिंडते.

म्हणजे आता फक्त वाट बघायची होती. तिच्या टाकीतली मादीच होती. पोट पुन्हा भरलेलं आणि टम्म झालेलं दिसत होतं.

अडचण आली ती घरातून. फत्तेसिंगरावांनी एका सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी कोळिणीला मासा ओढून नेताना पाहिलं. त्यांनी सुनेची माफी वगैरे मागितली नाही. थेट पायातली चप्पल काढून हातात घेतली. कृष्णवेणी टाकी आणि सासरा यांच्यामध्ये उभी राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि ती त्यांच्यासमोर अशी कधी उभी राहिली नव्हती.

"मामंजी, मला पंधरा दिवस द्या. अंड्यांची पिशवी ती कुठं धरते, तेवढं बघायचंय."

"तोवर ती माझे सगळे मासे संपवेल."

"संपवणार नाही. दिवसाआड एखादा खाते. मी मोजलंय." तिनं वही दाखवली. "पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणाल ते."

म्हाताऱ्यानं वही हातात घेतली. तारखा होत्या, वेळा होत्या, किती मासे, किती माशा, कुठल्या पानावर, सगळं लिहिलेलं. बापाच्या घोडदळातल्या पहारेकऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेला तो माणूस. असली नोंद त्याला कळत होती. त्यांनी चप्पल पायात घातली. "पंधरा म्हणजे पंधरा," म्हणाले. "आणि दिवसा तू कॉलेजला. तेव्हा कोण लिहिणार?"

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वहीत थरथरत्या मोडी वळणाच्या अक्षरात तीन नोंदी होत्या. शेवटच्या नोंदीपुढं लिहिलं होतं, "निळ्या ठिपक्याचा गेला. वाईट वाटले."

तेराव्या दिवशी फत्तेसिंगराव बसथांब्यावर येऊन तिची बस येण्याची वाट बघत उभे होते. ती उतरायच्या आत म्हणाले, "सुम्ने ये, काही विचारू नकोस, पिशवी आणलीय तिनं. तोंडात."

कृष्णवेणी पर्स खांद्यावर तशीच ठेवून घरामागं टाकीकडे धावली. अळवाच्या मधल्या देठावर कोळीण पायांच्या टोकांवर उंच उभी होती, जणू लुगडं भिजू नये म्हणून उचलून धरलेली बाई. तिच्या छातीखाली, जबड्यात घट्ट, मातकट पांढऱ्या रंगाचा वाटोळा गोळा होता. सुपारीहून थोडा लहान. बुडाला काही नव्हतं. तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गोळा तोंडातच होता.

त्या रात्री जेवण झाल्या झाल्या तिनं चित्र काढलं. एका बाजूला तक्त्यातला लांडगा-कोळी, बुडाला पिशवी. दुसऱ्या बाजूला तिची कोळीण, तोंडात पिशवी. खाली दोघांचे डोळे. मालोजीराव बाजूला बसून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं की हे दाखवल्यावर सर परत हसले तर. ती म्हणाली, मग मी त्यांना कारण विचारीन.

श्रीनिवासराव हसले नाहीत. त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. उठून तक्त्यापाशी गेले. मग त्यांनी आपली वही उघडून, तीन आठवड्यांपूर्वी तिनं दिलेला ठिपक्यांचा कागद शोधून काढला. बराच वेळ ते दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून उभे राहिले.

"मी भिंगाखाली बघितलंच नाही त्याला," ते म्हणाले. "अंदाजानं नाव दिलं." आणि मग, "मी रविवारी आलो तर चालेल का?"

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून हिनकलला आले, सोबत मायक्रोस्कोपचं सुटं भिंग आणि पिशवीत सफरचंदं घेऊन. फत्तेसिंगरावांनी डोक्याला पागोटं बांधलं होतं. पाहुण्यांना कॉफी दिली गेली, आणि मग त्यांनीच पाहुण्यांना टाकीपाशी नेलं, कुठं बसायचं, सावली पाण्यावर पडू नये म्हणून कसं बसायचं, ते सांगितलं. श्रीनिवासरावांनी कोळिणीच्या तोंडातली पिशवी भिंगातून पाहिली. नुसती मान हलवत राहिले. मग त्यांनी कृष्णवेणीला विचारलं की मासा धरताना दिसेल का.

ही आता धरणार नाही, तिनं सांगितलं. तोंड अडकलंय तिचं, पिशवी सुटेपर्यंत ती जवळजवळ उपाशीच राहील. पण कोपऱ्यात दुसरी आहे, याहून लहान. तिची वाट बघावी लागेल.

वाट बघितली. एक तास गेला. ऊन वर आलं. श्रीनिवासरावांना इतका वेळ जमिनीवर मांडी घालून बसायची सवय नव्हती, ते पाय बदलत होते. मालोजीरावांनी त्यांच्याखाली पोतं सरकवलं. दुसरा तास अर्धा झाला तेव्हा फत्तेसिंगरावांनी हात वर केला. लहान कोळीण पानाच्या काठावर येऊन बसली होती, मागचे पाय रोवलेले, पुढचे पाण्यावर. तांबड्या शेपटीचा एक मासा पानाच्या सावलीत आला, गेला, परत आला. कुणी श्वास सोडत नव्हतं.

पाणी उसळलं.

मासा तडफडत होता आणि कोळीण त्याला सोडत नव्हती. एकदा तो तिला पाण्यात अर्धी घेऊन गेला, पण मागच्या दोन पायांनी पान सोडलं नाही. हळूहळू ती मागं सरकली, मासा काठावर आला, वर आला, पानाच्या कोरड्या भागावर आला. तिथं तो थंड झाला.

"ओढून वर का आणला?" श्रीनिवासरावांनी हळूच विचारलं. लेक्चरर अटेंडरला विचारत होता आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"पाण्यात खाल्ला तर तिच्या तोंडातला रस वाहून जाईल, सार. दर वेळी वरच आणते. एकदाही पाण्यात खाल्ला नाही. वहीत आहे."

त्यांनी वही मागितली. सबंध वाचली, म्हाताऱ्याच्या मोडी वळणाच्या नोंदींसकट. निळ्या ठिपक्याच्या माशापाशी आल्यावर ते थांबले आणि त्यांनी फत्तेसिंगरावांकडे पाहिलं. फत्तेसिंगराव घसा खाकरून पेरूच्या झाडाकडे बघायला लागले. स्कूटर सुरू करताना श्रीनिवासराव तिला म्हणाले, "त्या दिवशी पोरांसमोर मी जे बोललो, ते चुकलंच." एवढं बोलून ते गेले, पण तिला ते पुरेसं होतं.

पुढं महिनाभरात पिशवी फुटली. कोळिणीनं त्याआधी अळवाच्या दोन पानांना धाग्यांनी शिवून तंबू केला आणि पिलांची राखण करत बाहेर बसून राहिली. शेकडो पिलं तंबूत लटकली, आठ दिवसांनी वाऱ्यावर पांगली. कोळीण म्हातारी झाली होती, एका सकाळी ती पानावर मरून पडलेली फत्तेसिंगरावांना दिसली. त्यांनी ती स्वतः उचलली, हातरुमालात घेतली, आणि सुनेला दिली. कृष्णवेणीनं ती स्पिरिटच्या बाटलीत ठेवली. श्रीनिवासरावांनी कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या कलकत्त्याच्या एका शास्त्रज्ञांना बाटली, चित्रं आणि वहीतल्या नोंदींची स्वच्छ नक्कल पाठवली. सोबतच्या पत्रात कुळ कोणतं, प्रजाती कोणती असावी, हे कृष्णवेणीनं पुस्तकावरून काढलेलं उत्तर घातलं: थॅलॅसियस. निरीक्षक म्हणून खाली तिचं नाव लिहिलं. तिच्या पदाचा उल्लेख करायचा ते विसरले, की त्यांनी मुद्दाम गाळला, हे तिनं कधी विचारलं नाही.

उत्तर जानेवारीत आलं. टपाल आधी विभागप्रमुखांच्या टेबलावर गेलं आणि ते पाकीट हातात घेऊन स्टाफरूममध्ये आले. आपल्या विभागात या डॉक्टर कृष्णवेणी कोण, असं त्यांनी विचारलं. नवीन नेमणूक झाली असेल तर मला कळवलं कसं नाही?

खोलीत पाच-सहा माणसं होती. कृष्णवेणी दाराशी काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन उभी होती. श्रीनिवासराव उठले, विभागप्रमुखांच्या हातातून पाकीट घेतलं आणि ते तिच्यापाशी चालत घेऊन आले.

"उघड," म्हणाले. "तुझं आहे."

तिनं ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले. पत्र इंग्रजीत होतं, टाइप केलेलं, दीड पान. तिनं मोठ्यानं वाचलं नाही, पण वाचताना ओठ हलत होते आणि सगळी खोली तिच्या ओठांकडे बघत होती. ओळख अचूक आहे, असं लिहिलं होतं. थॅलॅसियसच. डोळ्यांची चित्रं मोजमापात बिनचूक आहेत. मासे धरण्याच्या एकतीस नोंदी, तारीखवार, इतक्या काळजीनं केलेल्या, आपल्याला क्वचितच वाचायला मिळतात. त्या आपल्या संग्रहात ठेवायची परवानगी असावी. शेवटी, पुढच्या हंगामात नरांकडेही लक्ष द्यावं, अशी डॉक्टर कृष्णवेणींना विनंती होती.

"काय लिहिलंय?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"बरोबर आहे म्हणतात, सार," ती म्हणाली. तिनं पत्र श्रीनिवासरावांपुढं धरलं. त्यांनी ते घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं, 'डॉक्टर' या शब्दावर दोन्ही वेळा थोडं थांबून.

त्या संध्याकाळी हिनकलच्या बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट चालायला तिला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण फत्तेसिंगराव तिला घ्यायला आले होते आणि वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबून, कन्नडमध्ये, ते पत्राची हकीकत सांगत होते. कलकत्त्याहून आलंय, ते म्हणत. सरकारी माणसाचं. आमच्या टाकीबद्दल. तिसऱ्या ओट्यावर गोष्टीत कोळीण वीतभर मोठी झाली होती. कृष्णवेणीनं दुरुस्त केलं नाही.

फेब्रुवारीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कोळ्यांचा धडा आला. श्रीनिवासराव वर्गात आले, हजेरी घेतली, आणि खडू तिच्यापुढं धरला. ती नेहमीप्रमाणे नमुने मांडायला आली होती. तिनं खडूकडे पाहिलं, मग पोरांकडे. काचपात्रावर कागद चिकटवणारा पोरगा दुसऱ्या बाकावर होता. त्यानं वही उघडून पेन्सिलीला टोक केलं होतं.

तिनं खडू घेतला. फळ्यावर आठ ठिपके काढले, चार खाली, चार वर कमानीत. शेजारी आणखी आठ, त्यातले दोन मोठे. दोन्हींत फरक काय, असं तिनं वर्गाला कन्नडमध्ये विचारलं. कुणी हात वर केला नाही. मग तिनं पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं तिचा आवाज कापत होता, नंतर कापला नाही. चाळीस मिनिटं ती बोलली. पाण्याखाली चांदीची होणारी, कोरड्या पानावर जेवणारी, पिशवीसाठी उपाशी राहणारी ती कोळीण तिनं खडूच्या रेघांनी फळ्यावर उभी केली. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पिलं पांगल्यावर जातात कुठं, तिनं विचारलं. दर वर्षी इतक्या शेकड्यांनी निघत असतील तर टाकीत दोनच कशा सापडल्या?

कृष्णवेणीनं श्रीनिवासरावांकडे पाहिलं. ते शेवटच्या बाकावर, पोरांमध्ये बसून लिहून घेत होते. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही," तिनं मुलीला सांगितलं. "अजून बघितलं नाही मी. पिलं परत निघतील तेव्हा तू हिनकलला ये. दोघी मिळून बघू."